अत्तराच्या बाटलीत दडलेला मृत्यू

इंग्लंडमधील सॅलिस्बरी हे उंच मनोऱ्याच्या प्राचीन चर्चसाठी प्रसिद्ध असलेले शांत शहर. ४ मार्च २०१८ रोजी तेथील एका बाकावर एक गृहस्थ आणि त्यांची तरुण मुलगी बेशुद्धावस्थेत आढळली. हे गृहस्थ म्हणजे सर्गेई स्क्रिपाल, रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्यातील माजी कर्नल! ब्रिटनसाठी हेरगिरी केल्याबद्दल त्यांना रशियात शिक्षा झाली होती. २०१० मध्ये हेरांच्या अदलाबदलीत ते ब्रिटनला आले. त्यांच्या घराच्या दाराच्या मुठीला ‘नोव्हिचोक’ हे मज्जासंस्थेवर घाला घालणारे विष फासलेले होते.

यापूर्वी २००६ मध्ये लंडनच्या हॉटेलात चहातून पोलोनियम-२१० हे किरणोत्सारी द्रव्य पोटात गेल्याने माजी रशियन गुप्तचर अधिकारी अलेक्झांडर लिटविनेन्को यांचा बळी गेला. २०१६ साली ब्रिटिश चौकशीने रशियन गुप्तचर यंत्रणेवर ठपका ठेवला. रशियाने मात्र दोन्ही प्रकरणांत कानांवर हात ठेवले.

स्क्रिपाल बापलेक बचावले. पण विषाला आपला-परका थोडाच कळतो? त्याच वर्षी जूनअखेर जवळच्याच एम्सबरी गावात एका माणसाने, त्याला सापडलेली अत्तराची बाटली आपल्या मैत्रिणीला भेट दिली. तिने हौसेने ते मनगटावर फवारले. ८ जुलैला तिचा मृत्यू झाला. बाटलीत नोव्हिचोक होते!

हेरगिरीशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. ती होती तीन मुलांची आई. स्क्रिपाल प्रकरणी ब्रिटिश पोलिसांनी तिघा रशियनांवर आरोप ठेवले. पण रशिया आपले नागरिक परदेशी न्यायालयाच्या हवाली करीत नाही. मग त्या मुलांनी दाद मागायची कोणाकडे?