पादक्षते, विवृत
विवृत पादक्षते : त्वचा फाटून पावलातील कंडरा, स्नायू, हाडे किंवा सांधे उघडे पडतात अशा गंभीर जखमांना विवृत पादक्षते म्हणतात. वाहनाचे चाक पावलावरून जाणे, यंत्रात पाऊल सापडणे, उंचावरून पडणे व सुरुंगाचा स्फोट ही त्यांची प्रमुख कारणे होत. भारतात दुचाकीवर मागे बसलेल्या मुलाची टाच चाकाच्या आऱ्यांत अडकून होणारी इजाही बरीच आढळते.

पावलाच्या वरच्या बाजूस त्वचा पातळ असून तिच्या लगेच खाली कंडरा व हाडे असतात. तळव्याची रचना निराळी आहे. तेथील त्वचा जाड व केशहीन असते आणि टाचेखालील मेद तंतुमय पडद्यांनी लहान लहान कप्प्यांत विभागून हाडाशी घट्ट बांधलेला असतो. चालताना बसणारा धक्का या गादीत शोषला जातो व त्वचा जागची सरकत नाही. नष्ट झालेली ही गादी पुन्हा निर्माण होत नाही. उपचारातील बहुतेक अवघड निर्णय यामुळेच उद्भवतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विवृत अस्थिभंगात पूयजनक संसर्गाच्या भीतीने बहुधा पायच कापीत. १८६५ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी ग्लासगो येथे गाडीखाली सापडलेल्या ११ वर्षांच्या मुलाच्या अशा जखमेवर कार्बॉलिक अम्लाची पट्टी वापरली आणि त्याचा पाय वाचला. आज प्रतिजैविके शक्य तितक्या लवकर, शस्त्रक्रियेची वाट न पाहता देतात. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाट्झाकिस व सहकाऱ्यांच्या अभ्यासात, विवृत अस्थिभंगात प्रतिजैविक न दिलेल्या गटात संसर्गाचे प्रमाण १३.९%, तर सेफॅलोथिन दिलेल्या गटात २·३% आढळले. धनुर्वातप्रतिबंधक उपचारही त्याच वेळी करतात.

तथापि औषध मृत ऊतकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून क्षतशोधन, म्हणजे माती, परकीय द्रव्ये व निर्जीव ऊतक काढून जखम लवणविद्रावाने भरपूर धुणे, हा उपचाराचा पाया होय. चिमटा लावल्यावर आकुंचन न पावणारा आणि कापल्यावर रक्त न येणारा स्नायू मृत समजतात. पहिल्या दिवशी जिवंत व मृत यांची सीमा नेहमी स्पष्ट नसते. त्यामुळे जखम उघडी ठेवून एकदोन दिवसांनी पुन्हा तपासतात. तळव्याची सोललेली त्वचा जागेवर बसवून नीटनेटकी शिवून टाकण्याचा मोह मोठा असतो. जखम तेव्हा सुंदर दिसते, पण चिरडलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटलेला असल्यास काही दिवसांत ती काळी पडते आणि तिच्याखाली पू साठतो. अशी त्वचा जिवंत नसल्यास काढणे व मेद तासून तिचे त्वचारोपण करणे अधिक हितावह असते.

मोडलेली हाडे तारांनी किंवा बाह्य चौकटीने स्थिर करतात. उघडे हाड किंवा उघडी कंडरा यांवर साधे त्वचारोपण धरत नाही. तेथे स्वतःच्या रक्तवाहिन्यांसह उचललेला त्वचापट लागतो. टाचेवर भार न पडणाऱ्या तळव्याच्या आतल्या कमानीतील त्वचापट वळवून घेता येतो. त्यात तळव्याचीच त्वचा व तिची संवेदना दोन्ही मिळतात. आच्छादनास विलंब महाग पडतो. ल्यूब्ल्याना येथील मार्को गोदिना यांच्या १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५३२ रुग्णांच्या आढाव्यात, ७२ तासांच्या आत बसवलेले त्वचापट निकामी होण्याचे प्रमाण ०·७५%, तर त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत बसवलेल्यांत १२% होते.

पाऊल वाचवावे की कापावे, हा प्रश्न सर्वांत कठीण. तळव्याची संवेदना गेली म्हणजे पाऊल निरुपयोगी झाले असे पूर्वी मानीत. अमेरिकेतील एका बहुकेंद्रीय अभ्यासात (२००५) मात्र, पाय वाचवलेल्या अशा रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांना दोन वर्षांनी संवेदना परत आल्याचे दिसले. तेवढ्याच कारणावरून अंगच्छेदन करणे आता योग्य समजत नाहीत. रक्तपुरवठा पूर्ववत करणे अशक्य असल्यास किंवा बहुतेक ऊतक चिरडले असल्यास मात्र अंगच्छेदन लांबवण्यात रुग्णाचे नुकसानच होते. एडिंबरोचे जेम्स साइम यांनी १८४२ मध्ये केलेल्या अंगच्छेदनात पाऊल घोट्याजवळ काढून टाचेची गादी हाडाच्या टोकाखाली बसवतात व रुग्णाला त्यावर भार देता येतो. टाचेची गादीच नष्ट झाली असेल, तर हा मार्गही बंद होतो आणि छेद गुडघ्याखाली, अधिक वर घ्यावा लागतो.

भरून आलेल्या पावलावर मऊ तळाचे पादत्राण वापरावे लागते. संवेदना अपुरी असल्यास तळवा रोज डोळ्यांनी पाहावा लागतो, कारण रुतलेला खडा रुग्णाला जाणवत नाही.