मानेपाशी लिहिलेला शब्द

मालिकेतून प्रसिद्ध होणाऱ्या चित्रकथेच्या एकाच अंकाचे परीक्षण करणे म्हणजे चालू खटल्याच्या एका दिवसाचा रोजनामा वाचून निवाडा देण्यासारखे आहे. मागील साक्षी नोंदल्या गेलेल्या असतात, पुढची तारीख पडलेली असते, आणि परीक्षकाच्या हाती त्या दिवसापुरता दस्तऐवज तेवढा येतो. तथापि क्वचित एखादा अंक असा निपजतो की, त्या दस्तऐवजावरूनच सबंध मालिकेची पारख व्हावी. न्यूयॉर्कच्या मार्व्हल प्रकाशनाच्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ या मासिक मालिकेचा जून १९७३ चा १२१ वा अंक त्यांपैकी होय. त्याचे लेखन गेरी कॉन्वे यांचे, रेखाटन गिल केन यांचे, त्यावरील शाईकाम मुख्यतः जॉन रोमिटा यांचे, आणि किंमत २० सेंट.

स्टॅन ली व स्टीव्ह डिटको यांनी १९६२ मध्ये निर्माण केलेला हा नायक पीटर, किरणोत्सारी कोळ्याच्या दंशाने असामान्य बळ पावलेला असूनही, पैशांच्या विवंचनेतून आणि वृद्ध मे काकूच्या काळजीतून सुटलेला नाही, हेच त्याचे वैशिष्ट्य. त्याची प्रेयसी ग्वेन स्टेसी १९६५ पासून मालिकेत वावरत होती. तिचे वडील, पोलिस अधिकारी, १९७० मध्ये ९० व्या अंकात मरण पावले होते. वाचकांच्या जिव्हाळ्याची ही जुनी शिल्लक प्रस्तुत अंकात एकदम खर्ची पडते. नायकाचे गुपित जाणणारा नॉर्मन ऑसबॉर्न पुन्हा ‘ग्रीन गॉब्लिन’ हा खलनायक होतो, ग्वेनला पळवून पुलाच्या मनोऱ्यावर नेतो आणि तेथून खाली लोटतो. (मजकुरात हा पूल जॉर्ज वॉशिंग्टन म्हटला आहे, चित्रात मात्र तो ब्रुकलिनसारखा दिसतो, ही गफलत अंकाच्या कीर्तीला बाधली नाही.)

नायक जाळ्याचा तंतू फेकतो, तो तिच्या पायांना अचूक बिलगतो, आणि रूढ संकेतानुसार येथे सुटकेचा निःश्वास टाकावयाचा. परंतु त्याच चौकटीत तिच्या मानेपाशी लहान अक्षरांत ‘स्नॅप’ हा एकच ध्वनिशब्द लिहिलेला आहे. वेगाने कोसळणारा देह क्षणार्धात थांबविला, तर त्याचा सर्व संवेग तेवढ्याच अल्प अवधीत शोषावा लागतो आणि त्या प्रमाणात बल वाढते. पाय थांबले, मान थांबली नाही. गॉब्लिन सांगतो की, इतक्या उंचीवरून पडणारा माणूस जमिनीवर आदळण्यापूर्वीच मरतो. पुढे १२५ व्या अंकाच्या पत्रव्यवहारात संपादकांनी खुलासा केला, तो असा की, जाळ्याच्या हिसक्यानेच ती दगावली. मला मात्र हा खुलासा नसता तरी चालले असते, कारण कैफियती परस्परविरोधी राहिल्या असत्या, तरी नायकाच्या मनातील संशय तसूभरही कमी झाला नसता.

अंकात दोष नाही असे नव्हे. संपूर्ण प्रसंगात ग्वेन बेशुद्ध असून, तिच्या मृत्यूविषयी बोलण्याचा अखत्यार फक्त पुरुषांकडे राहतो; आठ वर्षांच्या सहवासानंतर तिला एक वाक्यही न मिळणे ही लेखकाची कृपणता होय. उलट, कथेचे शीर्षक पहिल्या पानावर न छापता शेवटच्या पानावर छापण्याची योजना मला अत्यंत औचित्यपूर्ण वाटते, कारण ते शीर्षकच मृत्यूची वार्ता देणारे आहे.

ज्या वाचकास हा अंक मिळेल, त्याने १२२ वा अंकही जवळ ठेवावा. त्यात गॉब्लिनचा अंत होतो. आणि शेवटच्या पानावर, दुःखाने कडवट झालेल्या पीटरने निघून जाण्यास सांगितलेली त्याची मैत्रीण मेरी जेन दारापर्यंत जाते, क्षणभर थांबते, आणि दार आतून लावून घेते.