बॅटरी ओळखा, मगच चार्जरचे बटण दाबा

सहज मोजायला बसलो तर आज कोणत्याही घरात दहा-पंधरा रिचार्जेबल बॅटऱ्या सापडतात. मोबाइल, पॉवर बँक, टॉर्च, लाइट गेल्यावर लागणारा इमर्जन्सी दिवा, केस कापायचे ट्रिमर, मुलांची रिमोटवर चालणारी गाडी, इन्व्हर्टरची जड बॅटरी. यातल्या बहुतेक वस्तूंसोबत कंपनीने चार्जर दिलेला असतो. पिन लावली की काम झाले, विचार करावा लागत नाही.

पण ज्या घरात आयटीआय किंवा इंजिनिअरिंगला जाणारा मुलगा आहे, ड्रोन-रोबोटचा प्रोजेक्ट करणारी मुलगी आहे किंवा इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचा छोटा व्यवसाय आहे, तिथे आता आणखी एक वस्तू दिसू लागली आहे. छोटा चपटा डबा, त्यावर निळा पडदा, चार बटणे आणि बाजूला पांढऱ्या सॉकेटची रांग. अनेक प्रकारच्या बॅटऱ्या चार्ज करणारा हा ‘हॉबी चार्जर’. ‘आयमॅक्स बी-६’ हे त्यातले सर्वांत परिचित मॉडेल. त्याच धर्तीचे इतरही अनेक चार्जर बाजारात मिळतात.

वस्तू खरोखर उपयोगाची आहे. खेळण्यातले पेन्सिल सेल, ड्रोनची बॅटरी, यूपीएसमधली छोटी बॅटरी, सगळे एकाच चार्जरवर चार्ज होते. मात्र मोबाइलच्या चार्जरमध्ये आणि याच्यात एक मोठा फरक आहे. मोबाइलला आपली बॅटरी कोणती हे आधीच ठाऊक असते. हॉबी चार्जर ते आपल्याला विचारतो आणि आपण जे सांगू ते खरे मानतो. समोरच्या बॅटरीच्या आत कोणते रसायन आहे हे त्याला स्वतःहून कळत नाही. उत्तर चुकले तर तो चुकीचे काम इमानेइतबारे करत राहतो. या चार्जरच्या बाबतीतले बरेचसे धोके इथूनच सुरू होतात.

तीन घराणी, तीन स्वभाव

बॅटऱ्यांची तीन मुख्य घराणी आहेत आणि प्रत्येकाची ‘पोट भरले’ असे सांगण्याची रीत वेगळी आहे.

पहिले घराणे शिशाचे, म्हणजे लेड-ॲसिड. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये ही बॅटरी तयार केली. आजही मोटारी, इन्व्हर्टर आणि यूपीएस तिच्यावर चालतात. चार्जरच्या पडद्यावर ती ‘पीबी’ या खुणेने दिसते. तिचा एक सेल २ व्होल्टचा, म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. चार्ज होताना ती साधारण १४.४ व्होल्टपर्यंत जाते. ही बॅटरी सावकाश चार्ज करावी. ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ०.७ अँपिअरचा करंट पुरतो. चार्ज होताना, विशेषतः जास्त चार्ज झाल्यास, तिच्यातून हायड्रोजन वायू निघू शकतो आणि तो पेट घेतो. म्हणून जागा हवेशीर हवी. जवळ उदबत्ती, लोबान, शेगडी काहीही पेटते नको. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी मात्र या छोट्या चार्जरचे काम नाही.

दुसरे घराणे निकेलचे. कॉर्डलेस माइक, खेळणी, कॅमेऱ्याचा फ्लॅश यांत जे रिचार्जेबल पेन्सिल सेल घालतो, ते बहुतेक निकेल-मेटल हायड्राइडचे असतात. एका सेलचा व्होल्टेज १.२. हा सेल पूर्ण चार्ज झाला की त्याचा व्होल्टेज वाढायचा थांबतो आणि काही मिलिव्होल्टने किंचित खाली येतो. चार्जर त्या छोट्याशा घसरणीची वाट पाहतो आणि ती दिसली की थांबतो. करंट फारच कमी ठेवला तर ही घसरण इतकी अंधुक होते की चार्जरला ती दिसत नाही आणि सेल तापत राहतात. म्हणून २००० एमएएचच्या सेलला १ अँपिअरच्या आसपास करंट योग्य. ज्यावर ‘रिचार्जेबल’ लिहिलेले नाही असा साधा सेल कधीही चार्जरला लावू नये. तो गळतो, प्रसंगी फुटतो.

तिसरे घराणे लिथियमचे. सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. वजनाला हलकी आणि ताकदीला भारी, पण मर्यादेच्या बाबतीत ही बॅटरी फार कडक आहे. लिथियम-आयन आणि ड्रोनमधली ‘लिपो’ यांचा सेल ३.७ व्होल्टचा मानला जातो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्टला पोहोचतो. तिथे थांबलेच पाहिजे. याच घराण्यातल्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट, म्हणजे पडद्यावरच्या ‘लाइफ’ प्रकाराचा सेल ३.२ ते ३.३ व्होल्टचा असतो आणि ३.६ च्या आसपास भरतो.

एक चुकीचा पर्याय काय करतो?

समजा, लिपो बॅटरी लावली आणि पडद्यावर पर्याय निकेलचा निवडला. चार्जर व्होल्टेजच्या घसरणीची वाट पाहत बसतो. लिथियमची बॅटरी तशी घसरण दाखवत नाही. सेल ४.२ व्होल्ट ओलांडतो, आत उष्णता वाढते, वायू तयार होतो, बॅटरी फुगते. पुढची पायरी आगीची. आतली उष्णता नवी उष्णता निर्माण करू लागते आणि मग प्लग काढूनही ती थांबत नाही. चार्जरमध्ये वेळेची मर्यादा असते, पण ती संपेपर्यंत उशीर झालेला असू शकतो.

लाइफ प्रकारची बॅटरी लिपोच्या पर्यायात लावली तरी तेच. ३.६ ला थांबायच्या सेलला ४.२ पर्यंत रेटले जाते. म्हणून बॅटरीवरचे लेबल वाचता येत नसेल, प्रकाराची खात्री नसेल, तर अंदाजाने पर्याय निवडू नये. ती बॅटरी बाजूला ठेवावी.

सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी

प्रकार, सेलची संख्या आणि करंट, या तीन गोष्टी लेबलवरून पाहाव्यात. एक उदाहरण घेऊ. ड्रोनच्या बॅटरीवर लिहिले आहे: लिपो, ३-एस, ११.१ व्होल्ट, २२०० एमएएच. ‘३-एस’ म्हणजे एकापुढे एक जोडलेले तीन सेल. ३.७ गुणिले ३ बरोबर ११.१, हिशेब जुळला. करंटसाठी सोपा नियम असा की एमएएचला हजाराने भागावे. २२०० चे २.२ झाले. लेबलवर वेगळे काही लिहिलेले नसेल तर २.२ अँपिअर ही वरची मर्यादा समजावी. १.१ अँपिअर ठेवला तर वेळ जास्त लागेल, पण बॅटरी कमी तापेल.

अशा बॅटरीला दोन वायरी असतात. जाड वायर करंट नेते. छोट्या पांढऱ्या कनेक्टरची बारीक वायर प्रत्येक सेलचा व्होल्टेज वेगळा सांगते. ही बारीक वायर लावून ‘बॅलन्स’ पर्यायातच चार्ज करावे. नाहीतर एकूण बेरीज बरोबर दिसते, पण त्यात एक सेल कमी आणि दुसरा मर्यादेबाहेर गेलेला असू शकतो. बी-६ सारख्या चार्जरमध्ये सुरू होण्यापूर्वी पडद्यावर ‘आर’ आणि ‘एस’ असे दोन आकडे येतात. ‘आर’ म्हणजे चार्जरला दिसलेले सेल, ‘एस’ म्हणजे आपण सांगितलेले सेल. दोन्ही जुळत नसतील तर पुढे जाऊ नये.

आणखी एक इशारा खोट्या लेबलचा. टॉर्च आणि पॉवर बँकमधल्या गोल ‘१८६५०’ सेलचे नाव त्याच्या मापावरून आले आहे: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. चांगल्या कंपन्यांचे असे सेल साधारण २००० ते ३५०० एमएएचचे असतात. बाजारात ९९०० लिहिलेले सेलही मिळतात. तो आकडा खरा मानून करंट ठरवला तर सेलवर कितीतरी पट ताण येतो.

जोडण्याचा क्रम

आधी चार्जर विजेला जोडावा. मग चार्जिंगची वायर चार्जरला, लाल लालला आणि काळी काळ्याला. बॅटरी सर्वांत शेवटी. काढताना उलट, बॅटरी आधी. बॅटरी आधी जोडली तर वायरीच्या दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिना एकमेकींना चिकटून शॉर्ट होऊ शकतात.

कुठे आणि केव्हा

गादी, सोफा, रजई, कपड्यांचे कपाट, पुस्तकांचा ढीग या जागा बाद. फरशी, सिमेंट किंवा मोकळा कडप्पा चांगला, पण स्वयंपाकघरात गॅस सिलिंडरजवळ नको. घराला एकच दरवाजा असेल तर त्या दरवाजाच्या वाटेवरही नको. काही बिघडले तर तीच बाहेर पडायची वाट असते. लिपो बॅटरी मातीच्या रुंद कुंडीत किंवा तिच्यासाठी मिळणाऱ्या आगरोधक पिशवीत ठेवावी. हवाबंद डब्यात ठेवू नये, कारण वायू कोंडला तर डबाच फुटतो.

इशाच्या नमाजनंतर लावायचे आणि फजरला उठून काढायचे, ही सवय मोबाइलच्या बाबतीत अंगवळणी पडली आहे. हॉबी चार्जरला ती चालत नाही. लावणारा माणूस घरात आणि जागा असेल तेव्हाच चार्जिंग करावे. अधूनमधून हात लावून पाहावे. लिथियमची बॅटरी कोमटपेक्षा जास्त तापली तर थांबवावे. ड्रोन उडवून आणल्यावर गरम बॅटरी लगेच लावू नये, आधी थंड होऊ द्यावी. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांना टेकतो. बहुतेक लिथियम सेलसाठी चार्जिंगची वरची मर्यादाही तीच आहे. अशा दिवसांत हे काम पहाटे किंवा सकाळी लवकर करावे.

या बॅटऱ्या लावूच नयेत

फुगलेली, चेपलेली, भिजलेली, वरचे आवरण फाटलेली किंवा गोडसर रासायनिक वास येणारी लिथियम बॅटरी कितीही महाग असली तरी तिचा उपयोग संपला. फुगा सोडवण्यासाठी तिला टाचणी लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. बॅटरी फार उतरली की चार्जर ती घेत नाही. मग ‘थोडा वेळ निकेलवर लावून तिला जागी कर’ अशी युक्ती मित्रमंडळी सांगतात. चार्जरने नकार दिला तो आपल्या भल्यासाठी. ती युक्ती करू नये. ई-बाइक आणि ई-स्कूटरच्या बॅटरीला तर कंपनीचाच चार्जर वापरावा.

धूर दिसला तर

फुसफुस आवाज, तिखट वास किंवा धूर आला तर हाताशी असेल तरच स्विच बंद करावा. बॅटरी उचलून पळू नये. तिच्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. आधी मुले आणि वडीलधारी माणसे बाहेर काढावीत, खोलीचे दार ओढून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ ला फोन करावा. वीज नक्की बंद असेल आणि बॅटरी छोटी असेल तर लांबून भरपूर पाणी मारल्याने ती थंड होते. आग विझल्यासारखी वाटली तरी ती पुन्हा पेटू शकते, म्हणून लगेच जवळ जाऊ नये.

ठेवायच्या आणि टाकायच्या

लिपो बॅटरी आठवडाभर वापरायची नसेल तर पूर्ण चार्ज करून ठेवू नये. चार्जरमध्ये ‘स्टोरेज’ हा पर्याय असतो, तो प्रत्येक सेल सुमारे ३.८ व्होल्टवर आणून ठेवतो. निकामी बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावावी आणि ती ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. घंटागाडीत टाकलेली बॅटरी कचरा दाबताना पेट घेऊ शकते आणि त्याची झळ सफाई कामगाराला बसते. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे विकणाऱ्या दुकानदाराला विचारायला संकोच नको.

शेवटची गोष्ट घरातल्या सगळ्यांसाठी. चार्जर लावतो तो मुलगा, पण तो पाच मिनिटांसाठी म्हणून कोपऱ्यावर जातो आणि घरी राहतात ती अम्मी, दादी आणि लहान भावंडे. कोणते बटण कशाचे हे त्यांना ठाऊक असण्याची गरज नाही. कोणता स्विच बंद करायचा, धूर आला तर कुठून बाहेर पडायचे आणि कोणत्या नंबरला फोन करायचा, एवढे मात्र त्यांना माहीत हवे. त्या मुलाला घराबाहेर पडायचे असेल, अगदी पाच मिनिटांसाठीही, तर त्याने आधी चार्जिंग थांबवावे आणि बॅटरी काढून ठेवावी. बॅटरी पुन्हा लावता येते.