जुने ते सोने. पण ब्रेकचे काय?

'जुने ते सोने' ही म्हण आपण घरातल्या पितळी भांड्यांपासून आजीच्या लुगड्यापर्यंत सर्वत्र लावतो. मोटारींनाही ती लागू पडते. एखादी चकचकीत जुनी फियाट अंबरनाथच्या रस्त्याने निघाली की लहानथोर वळून पाहतात. अशा गाड्यांना नेहमीच्या सुरक्षा-तपासणीतून सूट असावी, असे हौशी मालकांचे म्हणणे असते. ते कितपत ग्राह्य आहे?

प्रथम कायदा पाहू. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील गाड्यांवर 'एमएच ०५' ही कल्याण कार्यालयाची खूण असते. रिक्षा, टेंपो, ट्रक अशी धंद्याची गाडी आठ वर्षांची झाली की तिला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. यालाच आपण 'पासिंग' म्हणतो. खाजगी मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून मिळते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने तिसरा वर्ग निर्माण केला. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली, धंद्यासाठी न वापरली जाणारी दुचाकी वा चारचाकी म्हणजे 'व्हिंटेज' वाहन. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठरले आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे आली. पण त्याबरोबर एक अट घातली गेली : अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही.

परदेशांत या प्रश्नाची दोन उत्तरे सापडतात. ब्रिटनने २०१२ साली १९६० पूर्वीच्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून मोकळे केले. मे २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरबदल न केलेल्या गाड्यांनाही ती सवलत मिळाली. गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकावरच राहिली. जर्मनीत तीस वर्षांच्या जुन्या गाडीला विशेष क्रमांक मिळतो. पण दर दोन वर्षांची तपासणी तिलाही चुकत नाही.

सूट मागणाऱ्यांचे मुद्दे अगदीच पोकळ नाहीत. या गाड्या फार थोड्या धावतात आणि त्यांचे मालक त्यांना पोटच्या पोराप्रमाणे जपतात. आजच्या गाडीची फूटपट्टी त्यांना लावणेही अन्यायाचे ठरेल. परंतु उभी राहिलेली गाडी झिजत नाही, हा समज चुकीचा आहे. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे लोखंडी नळ्या आतून गंजतात. रबरी वॉशर कडक होतात, तारांवरील आवरण तडकते. आपल्याकडे तर चार महिने पावसाळा! २००५ आणि २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले, ते आपण विसरलेलो नाही. अशा हवेत सांगाड्याला आतून लागलेला गंज रंगाखाली झाकला जातो. मालकाचे प्रेम वरची चमक पाहते. निरीक्षकाला मात्र खाली वाकून पाहावे लागते.

येथे न्यायाचाही प्रश्न आहे. आपल्याच मध्य रेल्वेच्या मार्गावरील कुर्ल्याला प्रीमियर कंपनीच्या कारखान्यात १९६४ साली फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. १९७४ पासून तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने हजारो कुटुंबे पोसली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपताच, ऑक्टोबर २०२३ अखेर, ती रस्त्यावरून गेली. पासिंग केले तरी ही मर्यादा काही तिला ओलांडता येत नव्हती. माझे वडील रिक्षा चालवतात. पासिंगच्या आधी आठ दिवस आमच्या घरी ब्रेक, दिवे, हॉर्न, टायर याखेरीज दुसरा विषय नसतो, आणि त्या दिवसाचा धंदा बुडतो तो वेगळाच. तरीही ते म्हणतात, "मागे तीन जीव बसलेले असतात." पोटासाठी चालणाऱ्या गाडीला हा न्याय असेल, तर हौसेसाठी चालणाऱ्या गाडीला त्यातून पूर्ण मोकळीक का असावी? कल्याण-बदलापूर रस्ता ओलांडणाऱ्या शाळकरी मुलाला समोरची गाडी कोणत्या वर्गातली आहे, याच्याशी काय कर्तव्य?

म्हणून मला वाटते की, सूट गाडीच्या वयावर नव्हे, तर तिच्या वापरावर ठरावी. जी गाडी केवळ प्रदर्शनात उभी राहते, तिला वार्षिक तपासणीची सक्ती नको. पण जी रस्त्यावर येते, मग ते वर्षातून एकदा का असेना, तिचे ब्रेक, सुकाणू, दिवे, टायर आणि सांगाडा तपासलेच पाहिजेत. ही तपासणी तिच्या काळाच्या मापाने व्हावी. जिच्यात मुळात सीटबेल्टच नव्हते तिला त्याबद्दल नापास करू नये; परंतु चारही चाकांना ब्रेक सारखा लागतो की नाही, हे पाहायला कोणत्याही काळाची सबब चालणार नाही. शिवाय जुन्या यंत्राची माहिती असलेला निरीक्षक नेमावा, म्हणजे मालकालाही तपासणीची धास्ती वाटणार नाही.

जुन्या गाड्या हा आपल्या कामगारांच्या आणि कारागिरांच्या कौशल्याचा ठेवा आहे. तो जपलाच पाहिजे. मात्र सोनेसुद्धा आपण कसोटीवर घासूनच घेतो, आणि त्यात सोन्याचा अपमान होतो असे कोणी मानत नाही.