फीड: संकेतस्थळावर नवं आलेलं आपल्याला कळतं कसं?

काही लेखक वर्षातून तीन-चारदाच लिहितात, पण लिहितात ते चुकवू नये असं असतं. त्यांचं संकेतस्थळ रोज उघडून पाहणं होत नाही. समाजमाध्यमांवर त्यांचा दुवा दिसेलच याचा भरवसा नाही, कारण तिथे काय दाखवायचं हे दुसरंच कोणी ठरवतं. अशा लेखनासाठी फीडइतकी चांगली सोय मला माहीत नाही.

फीड म्हणजे संकेतस्थळाने ठेवलेली एक छोटी फाइल. तिच्यात अलीकडच्या काही लेखांच्या नोंदी असतात: शीर्षक, दुवा, तारीख, सारांश किंवा पूर्ण मजकूर, आणि बहुधा प्रत्येक नोंदीची स्वतंत्र ओळखखूण. नवा लेख प्रसिद्ध झाला की ही फाइल आपोआप बदलते. ती वाचण्याचं काम फीड रीडर नावाच्या ॲपचं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. संकेतस्थळ तुम्हाला काहीच पाठवत नाही. रीडरच ठरावीक वेळाने तिथे जाऊन पाहतो. म्हणून लेखकाला तुमचा ईमेल किंवा फोन नंबर द्यावा लागत नाही, आणि नको झालं तर रीडरमधून फीडचा पत्ता काढून टाकला की संपलं. दर फेरीला पूर्ण फाइल उतरवली तर सर्व्हरवर उगाच भार पडतो. त्यामुळे चांगला रीडर मागच्या वेळी सर्व्हरने दिलेली फाइलची खूण सोबत नेतो. काही बदललं नसेल तर सर्व्हर फाइल न देता फक्त 304 हा संकेत देतो. बदललं असेल तर रीडर नोंदींच्या ओळखखुणा ताडून पाहतो आणि आधी न आलेल्या तेवढ्याच तुमच्यापुढे ठेवतो.

ही पद्धत 1999 मध्ये नेटस्केपने आरएसएस या नावाने आणली. ॲटम हे तिचं भावंड. रीडरला दोन्ही चालतात. पॉडकास्टचे नवे भागही आरएसएसमधूनच येतात, मराठी पॉडकास्टचेसुद्धा.

फीडचा पत्ता शोधायला फारसे कष्ट नाहीत. फीडली, इनोरीडर यांसारख्या रीडरमध्ये संकेतस्थळाचा साधा पत्ता टाकला तरी पुष्कळदा काम होतं, कारण फीडचा दुवा पानाच्या कोडमध्ये दिलेला असतो. नाही सापडला, आणि संकेतस्थळ वर्डप्रेसवर असेल, तर पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहून पाहावं. यूट्यूबच्या चॅनेलनाही फीड असतं.

1 जुलै 2013 रोजी गूगल रीडर बंद झाला, तेव्हा ज्यांनी आपल्या फीडची यादी ओपीएमएल फाइलमध्ये उतरवून घेतली होती, त्यांना ती दुसऱ्या रीडरमध्ये जशीच्या तशी चढवता आली. आजही ती फाइल अधूनमधून काढून ठेवावी.

यादीत वर्तमानपत्रांची फीड मात्र घालू नयेत, निदान सुरुवातीला तरी. त्यांच्या दिवसभराच्या बातम्यांखाली तो वर्षातून तीनदा लिहिणारा लेखक पुन्हा दिसेनासा होतो.