रविवारच्या प्रवचनाची सोमवारपासून तयारी

कीर्तनकार बुवा अभंग निवडतात, पूर्वरंगात त्याचे निरूपण करतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. कोणता अभंग घ्यावा, हे त्यांच्या मर्जीवर असते. ख्रिस्ती धर्मोपदेशकाला ही मोकळीक दर वेळी मिळत नाही. पुष्कळ चर्चमध्ये कोणत्या रविवारी बायबलातील कोणते उतारे वाचायचे, हे आधीच ठरलेले असते. रोमन कॅथलिक चर्चने १९६९ साली स्वीकारलेली पाठमालिका तीन वर्षांची आहे. एका वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. शिवाय जुन्या करारातील एक पाठ, एक स्तोत्र आणि एखाद्या पत्रातील भाग. अशाच धर्तीवरची १९९२ सालची एक पाठमालिका अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या वापरतात.

हे बंधन मोठे हिताचे आहे. उपदेशकाला आपल्या आवडीचे तेच ते विषय घोळवत बसता येत नाही. नावडता, अडचणीत टाकणारा उतारा कधी ना कधी समोर येऊन उभा राहतोच.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला असाच आहे. मळ्याचा धनी पहाटे मजूर ठरवतो. रोज एक दिनार. पुन्हा नऊच्या सुमारास, दुपारी बाराला, तीनला आणि शेवटी दिवस मावळायला तासभर उरला असताना तो चौकात जातो व उरलेल्यांना कामावर धाडतो. संध्याकाळी सर्वांच्या हातावर एकेक दिनारच पडतो! दिवसभर उन्हात राबलेले कुरकुर करतात. आता सांगा, यावर रविवारी काय बोलावे?

सोमवारी घाई करायची नाही. उतारा नुसता मोठ्याने वाचायचा, दोनदा, तीनदा. डोळ्यांनी वाचताना जे निसटते, ते कानाला लागते. शेवटच्या मजुरांना धनी विचारतो, की तुम्ही दिवसभर रिकामे का उभे? त्यांचे उत्तर, की आम्हांला कुणी कामावर लावलेच नाही. म्हणजे हे लोक आळशी नव्हते. ते वाट पाहत होते. मुंबईचा मजूर नाका किंवा पुण्याचा मजूर अड्डा ज्याने पाहिला आहे, त्याला त्या एका उत्तराचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

मग मागचे-पुढचे वाचायचे. बायबलचे अध्याय मूळ लेखकांनी पाडलेले नाहीत. आजची विभागणी तेराव्या शतकातली, आणि नव्या करारातील वचनांचे क्रमांक तर १५५१ सालचे. त्यामुळे एकोणिसावा अध्याय संपला म्हणून विषय संपला असे नाही. तिथे पेत्र विचारतो आहे, की आम्ही सर्वस्व सोडून आलो, आम्हांला काय मिळणार? आणि दाखला संपून थोडे पुढे जावे, तो याकोब व योहान यांची आई मुलांसाठी मानाच्या जागा मागायला येते. हिशेब मांडणाऱ्या दोन माणसांच्या मधे हा दाखला बसलेला आहे. तो प्रथम मजुरांना नव्हे, शिष्यांनाच उद्देशून आहे, हे तेव्हा ध्यानात येते.

दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी, बेताने घर चालवणारी. गरिबाची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, अशी जुन्या करारातील अनुवादाच्या पुस्तकात आज्ञा आहे. म्हणून हिशेब संध्याकाळी होतो. तासाभराच्या कामाचे तासापुरतेच पैसे दिले असते, तर त्या घरची चूल पेटती ना!

एवढे हाती आल्यावर प्रश्न उरतो भाषेचा. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचा मराठी अनुवाद केला, तो सामान्य स्त्रीलाही समजावा या ओढीने. १९२२ साली त्या वारल्या. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. कविवर्य ना. वा. तिलकांनी ख्रिस्तकथेसाठी कीर्तनाची वाट धरली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे २०२० साली उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, त्यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध केले. उपदेशकाने दोन-तीन अनुवाद शेजारी ठेवून वाचावेत. जिथे शब्द वेगळे पडतात, तिथेच बहुधा विचाराला जागा असते.

तरीही खरी कसोटी पुढेच आहे. बाकावर कोण बसणार? मोलकरणीचा खाडा कापणारी गृहिणी असेल, कंत्राटदार असेल, त्याच्याच हाताखालचा बिगारी असेल, आणि आयुष्याच्या संध्याकाळी देवाकडे वळलेला एखादा म्हातारा असेल. म्हाताऱ्याला या दाखल्यात दिलासा आहे, कंत्राटदाराला टोचणी आहे. एकाला बरे वाटावे म्हणून दुसऱ्याचे ऐकणे सोपे केले, तर प्रवचन गोड होईल, पण दाखला हरवेल. आणि वर्षानुवर्षे मंडळीची सेवा केलेल्या उपदेशकाने स्वतःला कुठे उभे करायचे? पहाटे आलेल्या मजुरांतच की! कुरकुर करणारा आवाज आपलाही आहे, हे ज्याला आठवड्याच्या मध्यावर कळते, त्याचे शनिवारचे लिखाण आपोआप नम्र होते.

शनिवारी रात्री पुष्कळ कापावे लागते. जमवलेली माहिती सारी सांगायची नसते. वीस मिनिटांत एकच गोष्ट नीट पोचली तरी पुरे. रविवारी लोक घरी जातात, आणि उपदेशक पुढच्या रविवारचा उतारा कोणता ते पाहू लागतो. एखाद्या घरी मात्र त्या दिवशी मोलकरणीच्या खाड्याचा हिशेब पुन्हा एकदा मांडला जातो. प्रवचन पोचले, ते तिथे.