ग्राफिक्स कार्डावरील कूटचलन-खनन : सॉफ्टवेअरमधील बिघाडांचे निदान आणि मर्यादा

प्रस्तावना :
इथेरियम या कूटचलनाचे जाळे ३० जुलै २०१५ रोजी कार्यान्वित झाले आणि १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्याने खननाची पद्धत कायमची सोडून दिली. मधल्या सात वर्षांत असंख्य लहान खननकर्त्यांनी ग्राफिक्स कार्डे या कामाला जुंपली. सॉफ्टवेअर सुरू होते, परंतु काम पुढे सरकत नाही, ही त्यांची नित्याची तक्रार होती. अशा वेळी दुरुस्त होणारा बिघाड कोणता आणि दुरुस्तीपलीकडची मर्यादा कोणती, हे ओळखणे हाच निदानाचा गाभा असतो. प्रस्तुत लेखात इथेरियमच्या उदाहरणाच्या आधारे या भेदाचे विवेचन केले आहे.

कार्यपद्धती :
इथेरियमच्या इथॅश या गणनपद्धतीत 'डॅग' नावाचा एक मोठा माहितीसंच कार्डाच्या मेमरीत साठवावा लागे. आरंभी त्याचा आकार सुमारे १ जीबी होता. दर ३०,००० ब्लॉकनंतर, म्हणजे साधारणतः पाच दिवसांनी, तो सुमारे ८ एमबीने वाढत असे. प्रत्येक प्रयत्नासाठी या संचातून १२८ बाइट्सचे ६४ तुकडे, म्हणजे एकूण ८ केबी माहिती वाचावी लागे. त्यामुळे खननाची गती मुख्यतः मेमरीच्या वहनक्षमतेवर अवलंबून राही. उदाहरणार्थ, सेकंदाला २५६ जीबी माहिती वाहून नेणाऱ्या आरएक्स ५८० या कार्डाची कमाल गती सेकंदाला सुमारे ३.१ कोटी प्रयत्न एवढीच संभवते. हा हिशेब निदानाचे पहिले साधन होय. गती या मर्यादेच्या जवळपास असेल तर कार्ड निरोगी समजावे; ती निम्म्यावर आली असेल तर कारणाचा शोध घ्यावा.

बिघाडांचे प्रकार :
१) मेमरीविषयक बिघाड : विंडोज प्रणालीत अनेक कार्डे जोडलेली असताना आभासी मेमरी अपुरी पडली, तर कार्डात जागा असूनही डॅग तयार होत नाही. पेज फाईलचा आकार सर्व कार्डांच्या एकत्रित मेमरीइतका वाढविल्यास हा दोष बहुधा दूर होतो.
२) नाकारलेले शेअर : पूलने उत्तर चुकीचे म्हणून नाकारले, तर मेमरीची गती प्रमाणाबाहेर वाढविली असण्याची शक्यता अधिक असते. उत्तर शिळे म्हणून नाकारले, तर दोष बहुधा जोडणीतील विलंबाचा असतो. दोन्ही नकार वरकरणी सारखे दिसले तरी त्यांचे उपाय भिन्न आहेत.
३) उष्णता : आरटीएक्स ३०८० व ३०९० या कार्डांत मुख्य चिपचे तापमान समाधानकारक असूनही मेमरीचे तापमान ११० अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि कार्ड आपणहून गती कमी करते. केवळ एकच तापमान पाहणारा वापरकर्ता येथे फसतो.
४) वीजपुरवठा : कार्ड आपल्या खाचेतून ७५ वॉटपर्यंत वीज घेऊ शकते, साटा जोडणीची १२ व्होल्टवरील क्षमता मात्र ५४ वॉट आहे. रायझरला साटा जोडणीतून वीज दिल्यास कार्ड मध्येच अदृश्य होते, प्रसंगी जोडणी वितळते. हा दोष सॉफ्टवेअरच्या नोंदीत 'कार्ड सापडत नाही' एवढ्याच रूपात दिसतो. वास्तविक तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

बिघाड नव्हे, मर्यादा :
४ जीबी कार्डाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. आरंभीचा १ जीबी वजा केल्यास ३,०७२ एमबी जागा उरते. दर टप्प्याला ८ एमबी याप्रमाणे ती ३८४ टप्प्यांत, म्हणजे १,१५,२०,००० व्या ब्लॉकला संपते. इथेरियमने हा ब्लॉक डिसेंबर २०२० मध्ये गाठला. कार्यप्रणाली स्वतःसाठी काही मेमरी राखून ठेवत असल्याने अनेक कार्डे त्याआधीच थांबली. अशा कार्डावर ड्रायव्हर बदलणे वा सॉफ्टवेअर पुन्हा बसविणे हा श्रमाचा अपव्ययच ठरे. इथेरियम क्लासिकने नोव्हेंबर २०२० मध्ये टप्प्याची लांबी दुप्पट करून डॅगचा आकार घटविला; त्यामुळे तेथे ही कार्डे पुढेही उपयोगी पडली. अर्थात, उपाय कार्डात नव्हता, नियमात होता.

दुसरी मर्यादा हेतुपुरस्सर घातलेली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०६० या कार्डाची इथेरियम-खननाची गती एनव्हिडिया कंपनीने स्वतःच सुमारे निम्मी केली होती. तेथे निम्मी गती हे बिघाडाचे लक्षण नव्हते.

निदानाचा क्रम :
प्रथम सर्व बदललेल्या जुळण्या मूळ स्थितीत आणाव्यात. नंतर एकच कार्ड जोडून चाचणी घ्यावी. प्रत्येक वेळी एकच घटक बदलावा आणि सॉफ्टवेअरची नोंद जपून ठेवावी. दोन घटक एकाच वेळी बदलल्यास दोष जातो, परंतु कारण कळत नाही आणि तोच दोष पुन्हा उद्भवतो.

निष्कर्ष :
इथेरियमचे खनन संपले असले तरी त्यातून मिळणारा धडा कालबाह्य झालेला नाही. भाषा-प्रारूपे चालविण्यासाठी आज जेव्हा ग्राफिक्स कार्डे वापरली जातात, तेव्हाही मेमरीचा आकार, वहनक्षमता, उष्णता आणि वीज हेच चार प्रश्न समोर येतात. प्रयोगशाळेसाठी जुने कार्ड घेताना किंवा बंद पडलेले दुरुस्त करताना आधी हिशेब आणि मग हत्यार, हा क्रम पाळल्यास विद्यार्थ्यांचे श्रम व संस्थेचा पैसा दोन्ही वाचतात. मर्यादेला बिघाड समजणे जितके खर्चिक आहे, तितकेच बिघाडाला मर्यादा समजून चांगले यंत्र टाकून देणेही खर्चिक आहे.